उंची

भरमाणी बोकडेंच्या डाव्या पायाला
दोनच बोटं.
बाकीची राहिली वर, बर्फात,
पलटणीच्या मोहिमेत.
कुठलं शिखर, विचारलं
की बेळगुंदीच्या लाल मातीतून रताळं उपसत म्हणतात,
त्याला तीन नावं हाईत बघ:
अल्याडचं एक, पल्याडचं एक,
आणि एक साहेबानं न चढताच ठेवलेलं.
सीमा तर टाळूवरनंच गेलीया.

मी म्हटलं, आपल्या गावासारखंच.

ते हसले नाहीत.
उंची पण दर पिढीला नवी मोजत्यात म्हणे,
आमच्या पुस्तकात कमी होती.

मग रताळ्याची माती अंगठ्यानं पुसत:
वर दगडात शिंपला दिसलावता मला.
समुद्र हुता तिथं.
त्याला कुणी विचारलं नसंल,
कुठल्या बाजूला जातोस म्हणून.

आणि पुढच्या सरीला बसले.