मांजरपाट

मी उंच होतो, म्हणून चौदाव्या वर्षापासून
अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात.
दुसरं भटजींकडे, किंवा जो कुणी मामा
तोवर पंगतीकडे सटकलेला नसेल त्याच्याकडे.

अडीच वार मांजरपाट. आजोबांनी मिलमधून आणलेला.
कडेचा निळा शिक्का अजून वाचता येतो:
नंबर, वार, आणि अर्धा सिंह.
शिक्का नवऱ्याच्या बाजूला येऊ द्यायचा नाही,
माईने घालून दिलेला एवढाच नियम.

मधोमध कुंकवाचं स्वस्तिक.
दर लग्नात त्याच रेघांवरून बोट फिरलं
आणि ते कापडापार उतरलं.
नवरीला सुलट दिसतं, नवऱ्याला उलट.
दोन्ही दिसतात ती फक्त धरणाऱ्याला,
पण त्याला कोण विचारतं.

खालच्या काठाला नावं, लाल दोऱ्याची, साखळीटाक्यात.
लग्नाच्या आदल्या रात्री काळाचौकीच्या खोलीत
मोरीवरच्या दिव्याखाली बसून माई शिवायची,
लग्नानंतरचं नाव.
द्वारकी गेली, सरोजिनी झाली.
बेबी गेली, मंगला झाली.
चंपू आमच्याकडे आली ती शालिनी होऊन,
हाक मारली तर पहिले काही दिवस
वळूनच बघायची नाही.

मंगला आणि शालिनीच्या मध्ये
चार बोटं मोकळी जागा.
मोकळी म्हणजे दोरा नाही. भोकं आहेत.
इस्त्री करताना शालिनीकाकी
तेवढं सोडून पुढे जायची.

हेमाआत्या केईएमला नर्स होती.
हळदीच्या दिवशी, सकाळची ड्युटी करून येते म्हणाली
आणि वांद्र्याच्या कचेरीत
एक्स-रे विभागातल्या पास्कल तुस्कानोशी
सही करून मोकळी झाली.
वाटलेली हळद मग आठवडाभर आमटीत गेली.
माईने सेफ्टी पिनेने एकेक टाका उसवला.
रडली नाही म्हणतात.
दोरा फेकलाही नाही, गुंडाळला परत रिळावर.

परवा आत्या आली, वसईहून, नातीला घेऊन.
सतराव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरली ती विचारतच,
"आपली खोली कुठल्या अंगाला होती रे?"
मी खिडकीतून बोट दाखवलं, हवेत, खाली कुठेतरी.
नात म्हणाली, सकाळी चर्च, संध्याकाळी हॉल,
आणि हॉलमध्ये ते कापड हवंय,
नाना सांगतात ते.

गाठोडं सोडलं. डांबरगोळ्यांचा वास.
आत्याने चष्मा काढून ठेवला
आणि नाडी बघावी तसं काठावर बोट ठेवलं.
द्वारकी. बेबी.
मग भोकांशी थांबली.
एक उकार. एक वेलांटी. पुन्हा मागे.
"सु... नी..."
आणखी एक वेलांटी.
"सुनीती?"

हसायला लागली, खोकला येईपर्यंत.
"ही कोण गं बाई?
आणि मी इतकी वर्षं समजतेय
इथून माझं नाव उसवलंय."

नातीने सुई मागितली, भोकांतून पुन्हा शिवू या म्हणाली.
"नको," आत्या म्हणाली,
"लग्नाआधीच गेली ती बिचारी. तुझं शिव.
आणि आहे तेच शिव."

रीळ गाठोड्यातच होतं.
विटलेला लाल दोरा क्लॅरिसमध्ये संपला,
शेवटचा सा नव्या दोऱ्याचा आहे,
डोळ्यांवर येतो.

हॉलमध्ये एसी फार होता. माझे हात आता भरून येतात.
मंगलाष्टकं चालू होती, मी दोन्हीकडे पाहत होतो.
पहिल्या रांगेत पास्कलकाका कानावर हात धरून
शब्द लावायचा प्रयत्न करत होते,
आत्या त्यांना प्रत्येक "सावधान"चा अर्थ
मोठ्याने सांगत होती.

नियम मात्र चुकलाच.
शिक्का नवऱ्याकडे आला.
त्याने मान वाकडी करून नंबर वाचला, वार वाचले,
आणि अर्ध्या सिंहाकडे बघून
हळूच मला विचारलं,
"उरलेला कुठाय?"