जादा कागद

तीनशे प्रती चामड्यात बांधायच्या, असा निरोप मिरजेत आला
तेव्हा नबीलालचाचांनी आधी खिडकी लावून घेतली.
समोर सतारवाल्यांच्या गल्लीत कुणीतरी
सकाळपासून एकच तार जुळवत होतं.

पुस्तक भिलवडीकडच्या एका साहेबांचं.
चाळीस वर्षं परदेशी वकिलातींत,
दुसऱ्यांची भांडणं मिटवण्यात गेलेली.
आम्हाला ते फर्म्या-फर्म्यानं कळलं.
न मुडपलेल्या कागदावर पहिल्या पानाशेजारी सोळावं असतं,
आणि आठवं त्याच्या डोक्याला डोकं लावून, उलटं.
म्हणजे एका अंगाला उडवलेला पूल,
आणि लागूनच
त्याच नदीच्या काठी दोन सेनापती
एका किटलीतला चहा घेताना.
हाडाच्या पट्टीनं घडी दाबली
की दोघांच्या मध्ये अकरा वर्षं येऊन बसायची.

बकऱ्याचं चामडं, कडेला कांद्याच्या पापुद्र्याएवढं तासलेलं.
खळीत मोरचूद. वर्खाखाली अंड्याचा पांढरा.

सह्यांचे कागद वेगळे आले, तीनशे दहा.
दहा जादा, खराब झाले तर म्हणून.
ते एकेक चिकटवणं माझ्याकडं.
पहिल्या पन्नासांत नावाखाली रेघ, कागद फाडेल अशी.
शंभराच्या पुढं रेघच गेली.
एकशे सत्याहत्तरवर शाईचा थेंब
आणि तो पुसायला गेलेला अंगठा.
दोनशे साठनंतर आडनाव उताराला लागलेलं.
दोनशे एक्याऐंशी पुन्हा सरळ, ठणठणीत.
चाचा म्हणाले, इथं म्हातारा जेवून आला.
मी विचारलं, तहावरच्या सह्याही अशाच होत असतील का हो?
चाचा खळ ढवळत राहिले.

किंमत अकरा हजार. घेणारे पुण्याचे, दिल्लीचे,
काचेच्या कपाटांचे धनी.

परवा सांगलीच्या एका वकिलांच्या मुलीनं
प्रत दुरुस्तीला आणली. पुरात खालचा कोपरा भिजलेला.
क्रमांक एकशे सत्याहत्तर.
उघडली तशी कुरकुरली,
नवं चामडं पहिल्यांदा उघडताना कुरकुरतं तशी.
सोळा वर्षांनी.
मी काही बोललो नाही. चारशे रुपये सांगितले.

चाचा आता नाहीत. जादातले सात कागद
मागायला कुणी आलंच नाही.
एकावर नुसतं पहिलं अक्षर आहे,
पुढं पेन उचललेलं.
तो हिशेबाच्या वहीत असतो,
लाइटबिल शोधताना हाताला लागतो.