पाटीवरचे हात

लामजना पाटीवर पहिला हात दिसतो.
हात म्हणजे दर वेळी हातच नसतो.
कुणी रुमाल हलवतं, कुणी रिकामी पिशवी,
कुणी नुसती हनुवटी उचलतं,
जणू उशीर मीच केलाय.

माझी अल्टो अकरा वर्षांची.
मागच्या सीटवर नायट्रोजनचं भांडं,
आत गीर, जर्सी, देवणी, सगळे वळू
कांड्यांमध्ये गोठलेले, शून्याखाली एकशे शहाण्णव.
लोक विचारतात, दूध हाय का बाई त्यात?
मी म्हणते, हाय की, पुढच्या वर्षीचं.

पहिल्यांदा थांबले ती एका म्हातारीसाठी.
पदराखाली कोंबडी. किल्लारीपर्यंत
कोंबडीच बोलत होती, आम्ही दोघी ऐकत होतो.
उतरताना तिनं चोळीतून दहाची नोट काढली,
घामानं मऊ पडलेली.
नको म्हटलं तर अंगावर आली:
"फुकट बसायला मी काय तुझी सासू हाय?"
ती नोट अजून आरशामागं खोचलेली आहे.

मग मन्मथ, पोलीस भरतीचा,
बूट हातात घेऊन बसला, सीट खराब नको म्हणून.
"सोळाशेला पाच-दहा लागूलालेत मॅडम,
वरचे दहाच तेवढे जात नाहीत."
लातूर येईतो मी नकळत गाडी जोरात हाणली,
त्याचे दहा सेकंद जणू माझ्याकडंच होते.

एक बाई, मांडीवर मिक्सरचं भांडं.
माहेरी निघालेली की माहेराहून,
ते तिचंच ठरायचं होतं.
दोन पाट्या मागं पडल्यावर म्हणाली, इथंच सोडा.
इथं काही नव्हतं. तुरीचं रान आणि एक डीपी.
मी सोडलं.
हे बरोबर केलं का, कुणाला विचारणार?

आणि तो.
इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढच्या सीटवर.
विचारलं, साहेब काय करतात.
विचारलं, घरी कोण कोण असतं.
विचारलं, रोज याच टायमाला येता का.
दाराचं लॉक आतून वर केलं, खाली केलं.
टक्. टक्.
मी म्हणाले, मागच्या भांड्याला धक्का लागू देऊ नका,
आत हात गेला तर बोटं काचेसारखी तुटतात.
तो हसला. मग हसायचा थांबला.
पाटीच्या अलीकडंच उतरतो म्हणाला,
दार हळू लावलं, थँक्यूसुद्धा म्हणाला.
कदाचित तो नुसताच बोलका होता.
हे 'कदाचित' सात वर्षं माझ्या गाडीत बसलंय,
ते कुठल्याच पाटीवर उतरत नाही.

त्यानंतर चार महिने मी थांबले नाही.
हेडलाइटात हात मोठे व्हायचे,
आरशात बारीक होत जायचे.
एकदा सहाची यष्टी चुकलेली लेकुरवाळी होती.
मी पुढं गेले. वळणापर्यंत
तिनं हात खाली घेतला नव्हता.
त्या रात्री जेवण गेलं नाही असं काही नाही,
जेवले. भाकरीला हात लावताना
तो हात आठवला, एवढंच.

आता भांडं पुढं असतं, सीटचा पट्टा लावून.
वळूंचा मान मोठा.
माणसं मागं बसतात, आणि बसण्याआधी
मी तीन सेकंदांत वाचते:
चप्पल, पिशवी, नजर.
चप्पल सहसा खोटं बोलत नाही.
नजरेचं मला अजून नीट कळत नाही.
नवऱ्याला सांगितलंय, आता कुणाला घेत नाही.
तो मागच्या सीटवरची कोंबडीची पिसं बघतो
आणि काही म्हणत नाही.

आज पुन्हा पाटी. दिवस बुडालेला,
ऊसाच्या ट्रॅक्टरमागं धुरळा,
धुरळ्यात कुणीतरी उभं.
चप्पल दिसत नाही, पिशवी दिसत नाही,
हात तेवढा दिसतो.
एक. दोन.
तिसऱ्याच्या आधीच
पाय ब्रेकवर गेलेला असतो,
मला न विचारता.