समोरचा काठ

उरणची भाची आली डिसेंबरच्या सुट्टीत.
बॅग उघडायच्या आधीच विचारते,
"मावशी, तुमचा समुद्र कुठाय?"

सम्यक, माझा, तिच्याहून तीनच महिन्यांनी धाकटा.
म्हणाला, "आमच्याकडं नसते बे तसं काही."
मग रात्रभर गप्प.
सकाळी तोंडात ब्रश धरून मला म्हणतो,
"काहून नाही आई आपल्याकडं?
कोणी मागितलाच नाही का?"

रविवार. मिलिंदची सेकंड शिफ्ट.
स्कूटीवर पुढं तो उभा, मागं यशोधरा माझा स्वेटर घट्ट धरून,
हँडलला पिशवी : मेथीचे पराठे, सहा संत्री,
एक जादा चड्डी, कारण पोट्ट्यांचं सांगता येत नाही.

झीरो माइलला थांबलो.
दगडाचे चार घोडे दाखवले, खांब दाखवला,
म्हटलं, "इथून मोजत सुटले होते साहेबलोक, सगळा देश."
"मग समुद्र कुठल्या बाजूला?"
मी चौकाकडं बघितलं.
सगळ्या बाजूंनी बसच येत होत्या.

महाराजबागेत वाघ झोपलेला.
पाटी होती, प्राण्यांना त्रास देऊ नये.
आम्ही दिला नाही, त्यानंही दिला नाही.
यशू जाळीला नाक लावून म्हणाली,
"आमच्याकडे होड्या अशाच झोपतात, ओहोटीला,
चिखलात, एका कुशीवर."
सम्यकनं मग वाघाकडं परत एकदा नीट पाहिलं.

सेमिनरी हिल्सवर छोटी आगगाडी बंद.
गेटला कुलूप, रुळांवर सागाची पानं पापडासारखी वाळलेली.
"दुरुस्तीत हाय," वॉचमन बोलला,
आणि वळून बघतो तर दोघं तारेखालून आत,
झुकझुक करत निघालेले.
त्यानं शिट्टी फुंकली.
हाकलायला फुंकली असेल,
पण तिकडं गाडी सुटली.

फुटाळ्यावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती.
यशू कठड्याशी गेली, पाणी बघितलं,
म्हणाली, "एवढाच?"
मला लाज वाटली, उगाच,
पाहुण्यापुढं भाजीत मीठ कमी पडल्यासारखी.

मग ती चवड्यांवर उभी राहिली.
"मावशी, पलीकडे माणसं दिसतायत!"
"दिसतील नं. काठच आहे तो."
"आमच्याकडे पलीकडे कुणीच नसतं.
पप्पांची बोट गेली की मी हात करते,
आई म्हणते पुरे आता, त्यांना दिसत नाही."

तिनं हात केला. दोन्ही हात. उड्या मारून.
सम्यकनंही केला, नक्की कुणाला ते न विचारता.
पलीकडं लाल स्वेटरवालं एक माणूस होतं,
त्याचा हात वर गेला, हलला.
गाडीची काच पुसत असेल.
डास हाकलत असेल.
मी काही बोलले नाही.
पोरं तर ओरडून ओरडून घसा बसवून बसली.

शिंगाडे घेतले वीस रुपयांचे, उकडलेले, गरम.
काळी शिंगं असलेली ती टरफलं
यशूनं एकेक करून फ्रॉकला पुसली
आणि स्वेटरच्या खिशात भरली.
"तुमचे शिंपले," म्हणाली.
सम्यकची छाती स्कूटीवर घरापर्यंत फुगलेली.
आरशात दिसत होती मला.

परवा उरणहून फोन आला.
"मावशी, शिंपल्यांना वास सुटला,
आई म्हणते फेकून दे."
"मग टाक नं बाई."
"फेकले. समुद्रात.
एक तरंगतोय अजून."

सम्यक फोनला कान लावून होता.
म्हणाला, "विचार तिला,
कोणत्या बाजूला चाललाय तो?"