महा

हैमा सोडलं आणि रस्ता संपला.
पुढे होत्या नुसत्या टायरच्या खुणा,
त्याही जरा वेळाने फाटे फुटून सपाटीत हरवल्या.
वाळूच्या टेकड्या नाहीत, ओळीने चालणारे उंट नाहीत.
चुनखडीचा पापुद्रा, वर करडी खडी,
आणि चहूकडून तव्याच्या काठासारखं क्षितिज.

तंबूच्या खुंट्या आत जाईनात.
थॉमसकुट्टीने दगडाने ठोकल्या, तीन वाकल्या.
शेवटी दोऱ्या गाडीच्या चाकांना बांधल्या.
"रात्री कुणी गाडी सुरू करू नका," विद्याधर म्हणाला
आणि स्वतःच उठून उठून किल्ली चाचपत राहिला.

दिवसभर मुसल्लम आमच्या पुढे चालला होता.
अभयारण्याचा राखणदार, इथलाच, हरासीस.
गळ्यात दुर्बीण, जी त्याने एकदाही डोळ्याला लावली नाही.
खूर दाखवला: दोन पाकळ्या, समोरासमोर.
लेंडी फोडून दाखवली: "काल दुपारची."
बाभळीखाली उकरलेली जागा: "इथे बसली होती."
होती, होती, होती.
रुखसाना पुटपुटली,
सहाशे किलोमीटर आलो ते भूतकाळ बघायला?

रात्री शेकोटीपाशी त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं.
आजोबांच्या काळात इथली शेवटची मारली गेली.
मग परदेशात वाढलेली पेटीतून, विमानाने आणली.
कुंपणात ठेवली. सोडली.
चोरटे आले. पुन्हा कुंपण.
आम्ही चौघं आपापल्या कपात बघत राहिलो,
खिशात रेसिडेन्सी कार्ड,
त्यावरची तारीख प्रत्येकाला पाठ.

"तुम्ही काय म्हणता तिला?"
"महा."
मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली.
पुस्तकातल्या मराठीत हा शब्द एकटा राहत नाही,
त्याला पाठोपाठ पूर लागतो, पुरुष लागतो, राष्ट्र लागतं.
"नुसतंच महा?"
"बस. महा."

पहाटे तंबूवर टपटप.
समुद्र कितीतरी लांब, आणि त्याचं धुकं
आमच्या उशाशी येऊन उभं.
मुसल्लमने नुसता हात वर केला.

गाडीपासून वीसेक पावलांवर
पांढरी, पायात काळे मोजे घातल्यासारखी,
बाजूने पाहिलं तर शिंग एकच.
ओलं गवत सावकाश ओढत होती, दहिवरासकट.
फोन कुणीच काढला नाही.
किंवा काढला असेल, मी पाहिलं नाही.

आणि तोंडातून निघून गेलं: "महा."
मुसल्लमने मान हलवली, हो, महा.
संगमेश्वरच्या विद्याधरलाही कळलं नाही.

जिंतूरला आम्ही 'माझा' म्हणत नव्हतो.
महा भाऊ, मही माय, महं दप्तर.
पुण्यात, होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात
"महा पेन कुठंय?" विचारलं
आणि पूर्ण खोली हसली.
त्या रात्री मी शब्द बदलला.
मायशी फोनवर बोलतानाही मग बदललेलाच यायचा.
तिने कधी काही म्हटलं नाही.

ती मान वर करून आमच्याकडे बघत होती,
म्हणजे आमच्या आरपार.
मग धुक्यात गेली, आधी पाय, मग पाठ,
शिंगं थोडा वेळ राहिली.

आवराआवर घाईत झाली. ऊन चढत होतं.
किल्ली जपणाऱ्या विद्याधरनेच गाडी सुरू केली.
एक दोरी सोडायची राहिली होती.
थोडं अंतर तंबू
खडीवरून खडखडत
आमच्या मागे मागे आला.