मर्यादित

पर्समध्ये साडेसहा हजार.
रिक्षाचे साठ वेगळे, चेनच्या कप्प्यात.
हरभट रोडच्या मागच्या बोळात
भरतेश मगदूम जुने संगणक
कळश्यांसारखे एकावर एक रचून बसतो.

फोनवर भाचा, पुण्याहून:
‘मावशी, रॅम आठ तरी हवी.
चौथ्या पिढीच्या खाली उतरू नकोस.’
चौथी पिढी!
आमच्या घरात अजून दुसरीचंच चाललंय,
आणि ती फॉर्म भरते लोकांचे,
दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर,
फॉर्ममागं दहा रुपये.

पहिला काळा, काचेचा,
आत पंख्यांना लाल-निळे दिवे,
गणपतीतल्या मंडपासारखा.
‘पोरं हाच मागतात,’ भरतेश म्हणाला.
मी किंमत विचारली नाही.

दुसरा पाच हजारांत, मॉनिटरसकट.
इतका स्वस्त, की मी आधी वासच घेतला.
‘ताई, कलिंगड आहे का ते?’
म्हटलं, झाकण काढ.
त्यानं स्क्रू काढले, उगीच हळू.
आत सगळं पुसलेलं, लख्ख.
पण खालच्या कोपऱ्यात, ब्रश पोचत नाही तिथं,
केसाएवढी पिवळट रेघ.

ही रेघ मला कुणी दाखवावी लागत नाही.
आमच्या स्वयंपाकघरात ती ओट्याच्या वर वीतभर होती.
दोनदा घासली, एकदा रंग दिला,
अजून भिंत ओलावली की दिसते.
मी रेघेवर बोट ठेवलं.
भरतेशनं माझ्याकडं न बघता झाकण लावलं.
त्याच्याही शटरचा रंग
कमरेएवढ्या उंचीवर बदलतो.

तिसरा राखाडी, बसका,
पडद्याच्या चौकटीवर खंडेनवमीचं सुकलेलं कुंकू.
कीबोर्डवरचा शून्य पुसून गेलेला,
बाकी आकडे शाबूत.
बाजूला चिकटवलेला कागद, नखानं खरवडलेला:
संस्थेचं नाव गेलं, गाव गेलं,
उरलं ‘बिगरशेती सहकारी पत’
आणि त्याखाली ठळक, ‘मर्यादित’.

‘लिलावातला माल. याला पाणी लागलेलं नाही,’
भरतेश म्हणाला. मग थांबून,
‘ही संस्था कोरडीच बुडाली.’

अण्णांची ठेव बत्तीस हजार.
पावती अजून कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत.
दर महिन्याला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे.
काउंटरवरची मुलगी पडदा त्यांच्याकडं वळवायची,
‘बघा काका, यादीत नाव आहे तुमचं.’
तेवढं बघून परत यायचे,
येताना पावशेर फरसाण आणायचे.

अशा संस्था काय एक बुडाली?
ही तीच का, मी विचारलं नाही.

‘सात.’
‘साडेपाच.’
‘ताई, एसएसडी नवी टाकलीय.’
‘शून्य कुठंय याचा?’
त्यानं बटण दाबून दाखवलं.
पुसलेला असला तरी उमटत होता,
दाबेल तितका.

सहावर तुटलं. माउस त्यातच.

रिक्षात डबा मांडीवर, मॉनिटर पायाशी,
खड्डा आला की दोन्ही हातांनी धरायचा.
विश्रामबागच्या अलीकडं रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं,
‘जुनाच ना? कितीला पडला?’

मी मनात बेरीज केली.
‘अडतीस हजार.’

‘मग टिकेल,’ तो म्हणाला,
आणि पुढचा खड्डा जपून चुकवला.