आधीपासूनचे ओरखडे

कुताइसीत, भाजीबाजारामागच्या गल्लीत
मी पहिल्याच मिनिटाला सवयीच्या दारातून आत शिरले
आणि ऐटीत बसले.
समोर स्टीअरिंगच नव्हतं.
एक कप्पा होता, त्यात मेणबत्तीचं थोटूक.
ग्वांत्सा बाहेर उभी, बोटात चाव्या फिरवत.
हसली नाही.
"इंडियावाले सगळे तिथंच बसतात," म्हणाली,
"जपानीसुद्धा."

मग कागद.
त्यावर गाडीचं चित्र, चारी बाजूंनी उलगडलेलं,
मासा चिरून वाळत घातल्यासारखं.
आधीपासूनच्या ओरखड्यावर फुली मारायची,
म्हणजे तो माझ्या नावावर येत नाही.
मागचं डावं दार : बैलाचं शिंग.
मागचा बंपर : शेजाऱ्याचं फाटक, दोनदा.
पुढचा बंपर : नाहीच.
ती भराभर फुल्या मारत गेली,
मीही मान डोलवत गेले,
जणू एखाद्या घरची दुखणीखुपणी ऐकतेय.
बॉनेटवर मात्र खळगे होते, पाच-सहा,
टिकलीएवढे, एकाच जागी दाटीवाटीने.
तिथं पेन थांबलं.
"हे राहू देत. हे मला माहीत आहेत."

पहिले दहा किलोमीटर
डावा हात गिअर शोधत दारावर आपटत राहिला.
इंडिकेटर द्यायला जावं
तर कडक उन्हात कोरड्या काचेवर
वायपर कुरकुरत फिरायचा,
मागचा ट्रकवाला हॉर्न द्यायचा,
आणि मी, वय अठ्ठावन्न, गाडीत एकटी,
मोठ्यानं म्हणायचे : उजवीकडे, बाई, उजवीकडे.
गायींना मात्र काहीच बदललेलं नव्हतं.
त्या इथंही रस्त्याच्या मधोमध बसल्या होत्या.

पुढे रिओनी नदी सोबतीला आली,
राखाडी, घाईतली.
वळणावर एक चर्च. समोरून मिनीबस.
ड्रायव्हरनं स्टीअरिंग सोडून
छातीवर तीनदा क्रूस काढला,
आणि त्याच्या देवाच्या भरवशावर
आम्ही दोघं एकमेकांना चुकवून गेलो.

ओनीच्या पंपावरच्या म्हाताऱ्यानं
माझ्याकडे पाहिलंच नाही, गाडीकडे पाहिलं.
"वाझा," म्हणाला.
मी मान हलवली, माझं नाव वाझा नाही.
तो बॉनेटपाशी गेला,
खळग्यांच्या वर, हवेतच,
मूठ तीनदा खाली आणली : ठक, ठक, ठक.
हसला. मग टोपी काढली.
मला काही कळलं नाही,
पण टाकी भरेपर्यंत
मीही इंजिन बंद असल्याची पुन्हा पुन्हा खात्री करत
गप्प उभी राहिले.

उत्सेराला, झऱ्याचं पाणी भरून
मागे घेताना दगडी कठडा लागला.
आवाज आधी दातांत जाणवला.
उतरले. बोट ओलं करून चोळलं.
ओरखडा तसाच, वीतभर,
उजव्या दारावर.
दोन दिवस मी वाक्य जुळवत होते :
तो आधीपासूनच होता.
मराठीत म्हणून पाहिलं, इंग्रजीत म्हणून पाहिलं.
दोन्हीकडे तो माझाच निघाला.

ग्वांत्सानं गुडघे टेकून पाहिलं.
"कुठं?"
"उत्सेरा."
"झऱ्यापाशी?"
"हो."
तिनं कागदावर फुली मारली,
शेजारी गावाचं नाव लिहिलं, तिच्या लिपीत,
गोल गोल, द्राक्षाच्या तणाव्यांसारखं.
अनामतीतून चाळीस लारी कापून घेतले,
घासाघीस नाही.
मग आत जाऊन कागदाची पिशवी घेऊन आली :
अक्रोड, सालीसकट.
"बाबांच्या झाडाचे. फोडायला काही आहे का तुझ्याकडे?"
मी बॉनेटकडे पाहिलं.
तिनंही पाहिलं.
"एक दगड लागतो," ती म्हणाली, "आणि आई घरात नसावी लागते."

विमानतळावर ती सोडणार होती, याच गाडीतून.
मी सरळ डाव्या दाराशी जाऊन उभी राहिले.
घरी शेजारी बसते, त्या सवयीनं,
की या चार दिवसांत लागलेल्या,
सांगता येत नाही.
ती चाव्या घेऊन माझ्या मागे थांबली होती.
काही क्षण आम्ही दोघीही तिथंच,
एका दाराशी.